पुजलेलं विमान

राहीबाईच्या हातून चूक झाली असं यार्डात सगळेच म्हणाले. म्हणोत बापडे. खंडेनवमी म्हणजे शस्त्रांचा दिवस. त्या दिवशी घरातल्या विळीला आणि कोयत्यालासुद्धा हळदीकुंकू लागतं. मग दारात अख्खं लढाऊ विमान उभं असताना बाईनं पूजेचं ताट घेऊन त्याला वळसा घालून पुढं जायचं होतं की काय? तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही कुंकू लावलं असतं, आणि वर हात जोडून दोन मागणी मागितली असती.

ही हकीकत अठ्ठ्याण्णव सालची. कळंबोलीच्या लोखंड बाजारामागं शिवा म्हात्रेचं भंगाराचं यार्ड होतं. जागा त्याच्या बापाच्या भातखाचरांची. नवं शहर आलं तशी बरीचशी जमीन गेली, आणि उरल्या तुकड्यावर शिवानं चारी बाजूंनी पत्रे ठोकून यार्ड उभं केलं. राहीबाई शेडगे तिथं सात वर्षं कामाला होती. माल निवडायची. ट्रक रिकामा झाला की ढिगापाशी बसायची. एका हातात दोरीला बांधलेलं लोहचुंबक, दुसऱ्या हातात कानस. चुंबकाला चिकटेल ते एका बाजूला. न चिकटेल ते कानशीनं घासायचं, आतला रंग बघायचा, त्यानंही नाही कळलं तर फरशीवर टाकून आवाज ऐकायचा. पितळ, शिसं, जस्त, स्टेनलेस, ज्याचा त्याचा ढीग वेगळा. "राहीबाय बोलली तांबा, म्हंजे तांबा," शिवा गिऱ्हाइकाला सांगायचा, "तुमी उगाच डोका नका लावू." मूळची ती माण तालुक्यातली, शाळा चौथीतच सुटलेली. पण धातूच्या बाबतीत तिनं कधी कुणाला फसू दिलं नाही. शिवाला नाही, आणि शिवाला माल विकणाऱ्यालाही नाही.

त्या वर्षी शिवानं हवाई दलाच्या लिलावात तीन निकामी लढाऊ विमानं घेतली. पहिलं नवरात्राच्या तोंडावर आलं. पंख, चाकं, इंजिन आधीच काढून घेतलेलं. नुसतं धड ट्रेलरवरून आलं आणि यार्डाच्या मधोमध रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांवर ठेवलं गेलं. बघायला अर्धा गाव लोटला. शिवाची म्हातारी आई शेवंताबाई काठी टेकत आली, एक फेरी मारली आणि म्हणाली, "येवराच? मना वाटला मोठा असंल." आणि घरी गेली.

अट एकच, पण कडक होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला हवाई दलाचा साहेब येणार, त्याच्या डोळ्यांदेखत विमानाचं धड मधोमध तोडायचं, मग तो कागदावर सही करणार. त्या दिवशी तोडलं नाही तर लिलाव रद्द, आणि उरलेली दोन विमानं जातील दुसऱ्याच्या दारात. यार्डातली अकरा माणसं ह्या तीन विमानांवर पुढचे सहा महिने काढायच्या तयारीत बसली होती.

खंडेनवमीची पूजा यार्डात राहीबाईकडंच असायची. तिनं वजनकाट्याला हळदीकुंकू लावलं, गॅसच्या नळकांड्यांना झेंडूच्या माळा घातल्या, घण, छन्न्या, कुऱ्हाडी पाटावर मांडून पुजल्या. मग ताट घेऊन ती विमानापाशी आली आणि थबकली. किती दिवस कुणाकुणासाठी उडलं असेल, आणि आता बिनपंखांचं असं इथं. तिला वाईट वाटलं, खरंच वाटलं. तिनं नाकाडावर पाच बोटं कुंकवाची ओढली, अक्षता टाकल्या, माळ घातली, नारळ फोडला आणि पदर पसरून नमस्कार केला. कुणाला काही खटकलं नाही. खोबरं सगळ्यांनी खाल्लं.

खटकलं दसऱ्याच्या सकाळी. बाबासो चव्हाण हा यार्डातला मोठा कारागीर. आगबोट असो नाहीतर बॉयलर, तोडायचा तो बाबासोनं. दसऱ्याला सकाळी येऊन पूजा उतरवायचं काम त्याचं. एकेक हत्यार तो जागचं थोडं हलवायचा, हात जोडायचा आणि बाजूला ठेवायचा. गणपती उचलायच्या आधी आपण पाटासकट जरासा हलवतो, त्यातलाच प्रकार. जागचा हलला की पूजा उतरली, मग पुढं काय करायचं ते करा. घण झाला, काटा झाला, नळकांडी झाली. आणि बाबासो विमानापुढं येऊन उभा राहिला तो राहिलाच.

"राहीताई," तो म्हणाला, "ह्याला कुकू कुणी लावलं?"

"म्या," राहीबाई म्हणाली.

"नारळबी फोडला?"

"व्हय."

बाबासोनं कपाळावर हात मारला. "आता हे जागचं कसं हलवायचं गं बाई? आन् हलल्याबिगर मी त्याला हत्यार लावणार न्हाई. मला सांगूच नका."

त्याला तरी काय बोलणार! मुंबईत बोटी फोडायच्या कामावर असताना शेंदूर लावलेल्या एका इंजिनाला त्यानं मुकादमाच्या घाईपायी जाळ लावला होता, आणि त्याच दिवशी साखळी सुटून डाव्या हाताची करंगळी गेली. तेव्हापासून पुजलेल्या वस्तूशी त्याचा करार ठरलेला.

शिवा आला, त्यानं ऐकलं आणि तो दोन मिनिटं नुसता फेऱ्या मारत राहिला. "उद्या सायेब येल. त्याला काय सांगू मी? ईमान देवाला बसलाय म्हनून?" मग म्हणाला, "एखादा पत्रा हलवा न. तेवऱ्यान नाय होत?"

"गणपतीचा नुस्ता कान हलवून इसर्जन व्हतं व्हय?" बाबासो म्हणाला.

क्रेन लावू म्हटलं, तर क्रेनवाला सातारला गावी गेलेला. पहारी लावून सरकवू म्हटलं, तर बाबासो आडवा आला: पूजा उतरायच्या आत त्याला लोखंड लावायचं नाही, माणसाचे हात लागले पाहिजेत. हजर होते ते सहाजण छात्या लावून रेटून आले. विमान हूं की चूं करेना. राहीबाई खाली मान घालून उभी होती. आपल्या एका टिळ्यापायी अकराजणांचं काम अडलं, हे तिला टोचत होतं.

आणि मग शिवा बोलला ते, जे सगळ्यांच्या मनात होतं. "राहीबाय, तुजा नवरा वाशीला मारकेटात हाय ना? त्याची टोली आन ना गो. ती मानसा ट्रकच्या ट्रक रिकामं करतान."

राहीबाई काहीच बोलली नाही. आता इथं थोडं मागं जायला हवं, त्याशिवाय तिचं गप्प बसणं कळायचं नाही.

जोतीराम शेडगे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. पाठीवर पन्नास किलोची गोणी म्हणजे त्याला उशी. सात वर्षांपूर्वी पायरीवरून पाय सटकला, दोन गोण्या अंगावर आल्या आणि पाठ धरली. चार महिने तो कामोठ्याच्या खोलीत उताणा पडून होता. टोळीतली माणसं येऊन डाळ-तांदूळ ठेवून जायची. तेव्हा राहीबाई शिवाकडं कामाला लागली. जोतीरामला ते लागलं. बायको कमावते ह्याचं नव्हे. टोळीतल्या निम्म्या बायका कुठं ना कुठं कामाला होत्याच. पण भंगार! भंगार वेचणाऱ्या बायांना मार्केटात कोण काय बोलतं ते त्याच्या कानांनी ऐकलेलं होतं. तो टोळीला म्हणाला, "बायको औषदाच्या कंपनीत लागली. तळोज्याला. प्याकिंगला."

बस्स. एकदा बोललेलं निस्तरता निस्तरता सात वर्षं गेली. राहीबाई यार्डात एक स्वच्छ लुगडं ठेवायची आणि रोज ते नेसून घरी जायची. हात रॉकेलनं घासायची, म्हणजे काळं दिसू नये. टोळीतले सर्वांत वडील सर्जेरावआबा, त्यांची बायको वेणूबाई भेटली की म्हणायची, "वैनी, कंपनीतनं खोकल्याचं औषद आणा की." मग राहीबाई दुकानातून बाटली विकत आणायची आणि कंपनीची म्हणून द्यायची. हसू येतं ऐकून, पण तिला यायचं नाही. घरी जोतीराम कामाबद्दल कधी काही विचारायचा नाही. बाकी माणूस सोन्यासारखा. दारू नाही, हात उगारणं नाही, आजारपणात तिचे पाय चेपेल. फक्त ती दिवसभर कुठं असते आणि काय करते, ह्या गोष्टीला त्यानं घरात जागा दिली नव्हती.

तर आता टोळी आणायची म्हणजे नवऱ्याचं खोटं टोळीपुढं उघडं पडणार. नाही आणावी तर यार्डाचं नुकसान तिच्या माथी. ती शिवाला एवढंच म्हणाली, "इचारून येते." लुगडं बदललं आणि वाशीची बस धरली.

दसऱ्यामुळं मार्केटात शुकशुकाट होता. टोळी गाळ्याच्या ओट्यावर आपट्याची पानं वाटत बसली होती. "या वैनी, सोनं घ्या!" सर्जेरावआबांनी तिच्या हातात पानं ठेवली. "आज कंपनीला सुट्टी?"

"व्हय," राहीबाई म्हणाली. आणखी एक खोटं. 

तिनं जोतीरामला नळापाशी बाजूला घेतलं आणि काय झालं ते सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला.

"इमान?" त्यानं विचारलं.

"इमान. चार बोटं हलवायचं फकस्त. उद्या सकाळी नऊला टोळी घिऊन या."

"आन् त्यास्नी काय सांगू? तुझा तितं काय संबंद म्हणून?"

"जे हाय ते सांगा."

जोतीरामनं नळाची तोटी उगाचच घट्ट केली. "तू जा," तो म्हणाला. "म्या बघतो."

हो नाही, की नाही नाही. परतीच्या बसमध्ये राहीबाईला राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एवढा आला. तिनं काय चोरी केली होती? ह्याच हातांनी चार महिने घर ओढलं, ह्याच हातांनी पोरीचं लग्न केलं, आणि तेच हात रॉकेलनं धुऊन लपवायचे? संध्याकाळी तिनं पुरणपोळी वाढली, त्यानं मुकाट्यानं खाल्ली. 

दुसऱ्या दिवशी तो तिच्या आधी उठून निघून गेला. ती यार्डात आली, पूजा उतरवायची म्हणून धुतलेलं लुगडं बदललं नाही. नऊ वाजले. साडेनऊ झाले. शिवा फाटकापर्यंत जायचा आणि परत यायचा. "येतान का नाय गो ते?" त्यानं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा राहीबाई म्हणाली, "मला ठावं न्हाई." आणि ते खरंच होतं. आपला नवरा येईल की नाही हे तिला सांगता येत नव्हतं, ह्याचंच तिला सगळ्यात जास्त वाईट वाटत होतं.

पावणेदहाला टेम्पो आत शिरला. मागच्या फाळक्यावरून एकेक करत चौदा माणसं उतरली, सगळ्यांत शेवटी जोतीराम. राहीबाईचा जीव भांड्यात पडला.

पण सर्जेरावआबांचं लक्ष आधी तिच्याकडं गेलं. "आँ? वैनी, तुमी हितं कुठं?"

यार्डातली सगळी माणसं जोतीरामकडं बघायला लागली.

"पूजा हिच्या हातची हाय," जोतीराम म्हणाला. "शिवाशेटच्या घरची वळख हाय हिची." आणि तो विमानाकडं वळला.

बाबासो नुसता खाकरला. शिवानं तोंड उघडलं होतं, ते त्यानं मिटलं. राहीबाईला वाटलं, झालं. आला, पण नाही आला. तरी तिनं डोळे कोरडे ठेवले. काम व्हायचं होतं.

आणि काम मात्र जोतीरामनं झकास केलं, हे सांगायलाच हवं. त्यानं विमानाभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून स्लीपर बघितले, तळव्यानं दोन-तीन ठिकाणी दाबून वजन कुठं बसलंय त्याचा अंदाज घेतला. "नाकाडाकडनं कुणी लावू नका, तितनं ते फकस्त डुलंल. हितं, पोटाला. खांदं खाली घ्या. गोणपाट घ्या मधी, पत्रा कापंल." चौदा खांदे लागले. यार्डातली माणसंही मध्ये घुसली, शिवासकट. पहिल्या हैशाला काही नाही. दुसऱ्याला लाकूड करकरलं. तिसऱ्याला जोतीराम दात आवळून ओरडला आणि विमान चार बोटं सरकलं.

"हाललं! हाललं!" बाबासोच पहिल्यांदा ओरडला.

राहीबाई पुढं आली. मंत्र तिला कुठले येणार! तिनं माळ उतरवली, चार अक्षता टाकल्या आणि म्हणाली, "बाबा, लांबनं आलास. जे करायचं ते करून आलास. माझ्याकडनं काय चुकलं-माकलं आसंल तर पोटात घाल. आता जा सुखानं." टोळीतल्या माणसांनीही हात जोडले. बाबासोनं कुऱ्हाड उचलून कपाळाला लावली.

चहा सांगितला होता, पण तो यायच्या आत साहेबाची जीप आली. तरुण पोरसवदा साहेब, बरोबर दोन जवान. त्यानं नाकाडावरची कुंकवाची पाच बोटं बघितली, क्षणभर तिथंच उभा राहिला, पण विचारलं काहीच नाही. मग त्यानं भोवतालची गर्दी बघितली. "तोडते वक्त यहाँ सिर्फ यार्ड के लोग रहेंगे," तो म्हणाला. "बाकी सब गेट के बाहर. जल्दी."

टोळी उठली. ती माणसं हुकुमाला वाद घालणारी नव्हती. जो तो टॉवेल झटकत फाटकाकडं निघाला. सर्जेरावआबा राहीबाईपाशी थांबले. "चला वैनी. आपुनबी भाईर थांबू. ह्यांचं सरकारी काम हाय."

राहीबाई जागची हलली नाही. अर्धा तास बाहेर उभी राहिली असती तर काही बिघडत नव्हतं. शिवानं सांभाळून घेतलं असतं, बाबासोनंही घेतलं असतं. सात वर्षं सांभाळलं, तसं आणखी अर्धा तास. तिनं एक पाऊल टाकलंही. आणि मग तिचं तिलाच कळलं की आज पुढचं पाऊल पडणार नाही. हे यार्ड तिचं होतं. ह्या फाटकातून पाहुणी म्हणून बाहेर पडायची तिला लाज वाटली. पण राहते म्हणावं तर नवऱ्याची मान खाली जाणार, आणि तेही तिच्या तोंडून. तिनं जोतीरामकडं बघितलं. डोळ्यांनी काही मागितलं नाही, नुसतं बघितलं.

"चला की वैनी," आबा म्हणाले.

"आबा, ती न्हाई येत," जोतीराम म्हणाला.

आबा वळले. पुढं गेलेली माणसंही थांबली. जोतीरामचा चेहरा गोणी उचलताना होतो तसा लालभडक झाला होता.

"ती हितं कामाला हाय. सात वरसं झाली. भंगार निवडती. औषदाची कंपनी-बिंपनी काय न्हाई. म्या खोटं सांगितलं तुमाला. माझी पाठ गेली तवा घर हिच्या ह्या कामावर चाललं, आन् मलाच बोलायची लाज वाटली."

सर्जेरावआबांनी राहीबाईकडं बघितलं, मग तिच्या हातांकडं, आणि हळूच म्हणाले, "मग ते खोकल्याचं औषद वो वैनी?"

"इकत आणायची, आबा," राहीबाई म्हणाली. तिला रडू आलं आणि हसूही आलं, आणि तिनं दोन्ही लपवलं नाही.

साहेबाला मराठी फारसं कळत नसावं. त्यानं घड्याळ बघितलं आणि जोतीरामला विचारलं, "आप? आप यहाँ के हैं?"

"न्हाई साहेब," जोतीराम म्हणाला. "ही हितली. मी भाईरचा."

आणि टोळीच्या मागोमाग तो फाटकाबाहेर गेला.